आकड्यांवरून बेसबॉल सामन्याचा अंदाज कितपत बांधता येतो?

सिएटलकर:
२०२१ मध्ये सिएटल मरिनर्सनी १६२ पैकी ९० सामने जिंकले, मात्र त्या हंगामात त्यांनी ६९७ धावा काढल्या आणि ७४८ दिल्या. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या 'पायथागोरियन' सूत्रात काढलेल्या धावांच्या वर्गाला काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागतात आणि आलेल्या प्रमाणाला सामन्यांच्या संख्येने गुणतात. त्यानुसार मरिनर्सचे विजय जेमतेम ७५ भरतात. इतकी तफावत पडत असेल, तर अशा सूत्रांवर किती विसंबावे? आणि हंगामाऐवजी आज संध्याकाळच्या एकाच सामन्याचा अंदाज करायचा असेल, तर आधी काय पाहावे?

आकडेमोड:
या तफावतीचे बरेचसे उत्तर एका धावेच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत आहे. त्या वर्षी मरिनर्सनी असे ३३ सामने जिंकले आणि १९ गमावले. म्हणजे हरताना ते सपाटून हरले आणि जिंकताना थोडक्यात जिंकले. असे निसटते विजय पुढच्या हंगामातही मिळतील, याची शाश्वती नसते. बाल्टिमोर ओरिओल्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१२ मध्ये अशा सामन्यांत त्यांनी २९ विजय आणि अवघे ९ पराभव नोंदवले आणि एकूण ९३ सामने जिंकले. २०१३ मध्ये हेच प्रमाण २० विजय आणि ३१ पराभव असे उलटले व एकूण विजय ८५ वर आले. म्हणूनच पुढचा अंदाज करताना विजयांच्या संख्येपेक्षा धावांच्या फरकाला अधिक वजन द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सिएटलकर:
पण मरिनर्सनी २०२२ मध्ये पुन्हा ९० सामने जिंकलेच की!

आकडेमोड:
जिंकले, परंतु त्या वर्षी त्यांनी दिलेल्या धावांपेक्षा काढलेल्या धावा स्पष्टपणे जास्त होत्या. विजयांचा आकडा तोच राहिला, तरी त्यामागचा खेळ सुधारला होता.

डावखुरा:
एका सामन्यापुरते बोलायचे तर सर्वप्रथम सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) कोण आहे ते पाहावे, कारण तो रोज बदलतो आणि त्याच्याबरोबर संघाची त्या दिवसाची ताकदही बदलते. त्याच्या ईआरएवर (दर नऊ इनिंग्जमागे, म्हणजे डावांमागे, त्याने सरासरी दिलेल्या धावा; क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत) मात्र थांबू नये. मैदानात टोलवलेल्या चेंडूवर बॅटर बाद होतो की नाही, यावर पिचरचे नियंत्रण फार कमी असते, असे आकडेवारीचे अभ्यासक वोरोस मॅक्क्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडले आणि तेव्हापासून पिचरकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. एफआयपी हा क्षेत्ररक्षणाचा प्रभाव वगळून पिचरला मोजणारा निकष त्याच विचारावर उभा आहे. होमरनला (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवल्याचे फटके) १३ ने, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) व अंगावर चेंडू लागून दिलेल्या बेसेसना ३ ने गुणून बेरीज करायची, स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) दुप्पट वजा करायची, इनिंग्जने भागायचे आणि साधारण ३.१ हा स्थिरांक मिळवायचा. समजा, एखाद्याने १५० इनिंग्जमध्ये १५ होमरन आणि अशा ४५ बेसेस दिल्या आणि १६० स्ट्राइकआउट घेतले, तर त्याचा एफआयपी सुमारे ३.२ येतो. त्याचा ईआरए ४.५ दिसत असला, तरी मी त्याला चांगलाच पिचर मानेन.

त्यानंतर मैदान पाहावे. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल (फिरकी देऊन वळवलेला चेंडू) कमी वळतो, त्यामुळे तिथल्या धावा जशाच्या तशा इतर मैदानांशी ताडून पाहता येत नाहीत.

उत्तर शक्यतेच्या स्वरूपातच मिळणार, हेही लक्षात घ्यावे. ६० टक्के सामने जिंकणारा संघ ४५ टक्के जिंकणाऱ्या संघाशी खेळला, तर जेम्स यांच्याच 'लॉग ५' पद्धतीने त्याच्या विजयाची शक्यता सुमारे ६५ टक्के निघते. म्हणजे एवढ्या तगड्या संघालाही तीनांतला एक सामना गमावण्याची तयारी ठेवावीच लागते.

तिसरा_बेस:
डावखुरा यांच्याशी सहमत आहे. २०२२ मध्ये १११ सामने जिंकलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सना ८९ विजयांच्या सॅन दिएगो पाद्रेसनी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) ३-१ असे हरवले, तेव्हा अनेकांनी आकडे खोटे ठरल्याचे म्हटले. पण इतक्या छोट्या मालिकेत असे निकाल अपेक्षितच असतात.

एक भर घालतो. बुलपेनमधील (सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या राखीव पिचर्सचा ताफा) मुख्य पिचर्स मागच्या दोन दिवसांत किती चेंडू टाकून आले आहेत, हे सामन्याआधी जरूर पाहावे. सुरुवातीचा पिचर पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर बहुधा बाहेर जातो आणि उरलेला सामना त्यांच्याच हाती असतो. हंगामाच्या सरासरीत ही दमणूक दिसत नाही.