13 गोल फॉन्टेनचे की कोपाचे?

डावा_विंगर:
फ्रान्सचा स्ट्रायकर जुस्त फॉन्टेनचं नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, तेव्हा डिफेन्स कुठे होता हो, आज खेळला असता तर कळलं असतं. मला हे अजिबात पटत नाही. 1958 चा स्वीडनचा वर्ल्डकप, 6 मॅच, 13 गोल, एकही मॅच कोरडी गेली नाही. डिफेन्स एवढा ढिला होता तर बाकीच्यांनी का नाही मारले? त्याच्या खालोखाल पेले आणि जर्मनीचा रान, दोघांचे 6-6. ब्राझीलने सेमीफायनलपर्यंत एकही गोल खाल्ला नव्हता, पहिला यानेच मारला. आणि हे सगळं टीममधल्याच स्तेफान ब्रुएकडून मागून घेतलेल्या बुटांत, कारण याचे स्वतःचे फाटले होते!

मधली_फळी:
गोल मोजताय ठीक आहे, पण त्याच टीममधल्या रेमों कोपाचं नावसुद्धा नाही? कोपा सेंटर फॉरवर्ड असून खाली उतरून बॉल घ्यायचा, त्याच्यामागे स्टॉपर (समोरच्यांचा मधला डिफेंडर) ओढला जायचा आणि मागे जी मोकळी जागा पडायची तिथे फॉन्टेन पळत यायचा, निम्मं काम आधीच झालेलं असायचं. त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, कोपाला मिळाला, फॉन्टेन तिसरा. मत देणाऱ्यांना कळत होतं की.

डावा_विंगर:
कोपा मोठाच, वादच नाही. पण 1956 ते 59 कोपा रिअल माद्रिदला होता आणि फॉन्टेन फ्रान्सच्या रेम्स क्लबला. 57-58 च्या फ्रेंच लीगमध्ये त्याचे 34 गोल आहेत, पुढच्या सीझनला युरोपियन कपमध्ये (आजची चॅम्पियन्स लीग) 10, तेव्हा पास द्यायला कोपा होता का? उलट त्या कपच्या फायनलला कोपा समोरच्या टीममध्ये, रिअलकडून होता.

ऑफसाइड_सापळा:
13 मधले 4 तर तिसऱ्या नंबरच्या मॅचमधले, जर्मनीने राखीव गोलकीपर उतरवला होता. ते सोडा, मग बोला.

डावा_विंगर:
सोडले. उरले 9. 2002 ला रोनाल्डोचे 8, 2022 ला एम्बाप्पेचे 8, दोघांनाही 7-7 मॅच मिळाल्या. शिवाय त्याच जर्मनीच्या मॅचमधली पेनल्टी कोपाने मारली, नाहीतर 14 झाले असते.

मधली_फळी:
तरीपण करिअर म्हणून बघा ना, फ्रान्सकडून फक्त 21 मॅच. एका स्पर्धेवर माणसाला किती वर नेऊन ठेवायचं? कोपाने सलग तीन युरोपियन कप जिंकले.

गोलजाळी:
21 मॅचमध्ये 30 गोल, हे पण लिहा की. 1960 मध्ये पाय मोडला, बरा होऊन परत आला तर 61 च्या जानेवारीत पुन्हा मोडला, 62 ला सगळं संपलं, वय 28. तो काही फॉर्म जाऊन बाहेर पडला नव्हता, त्याला कमी लेखायला हे कारण कसं चालेल? आणि पायाचं हे चालू असतानाच 1961 मध्ये फ्रान्समधल्या खेळाडूंची युनियन उभी करण्यात तो पुढे होता. तेव्हा खेळाडू 35 वर्षांचा होईपर्यंत क्लबला बांधलेला असायचा, क्लबने विकलं तर जायचं, नाही विकलं तर बसायचं. हा करार 1969 ला बदलला. करिअर मोजायचंच असेल तर हेही धरा.

मधली_फळी:
धरलं. पण युनियनच्या लढाईत कोपापण होता हां, 1963 मध्ये खेळाडू म्हणजे गुलाम आहेत असं उघड बोलला आणि त्यासाठी बंदीही ओढवून घेतली. माझं मत कोपालाच.