मदत हवी आहे : मॉर्मन मिशनरी मुलांना जेवायला काय करू?

आम्ही ओहायोत राहतो. शेजारच्या आजींच्या अंगणातला बर्फ काढायला दोन मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी येतात. काळी नावपट्टी, पांढरा शर्ट, वय जेमतेम एकोणीस-वीस. धर्मप्रसारासाठी घर सोडून दोन वर्षं, तेही स्वखर्चाने! सकाळी साडेसहाला उठायचं, सोबत्याला सोडून कुठे जायचं नाही, घरच्यांशी बोलणं आठवड्यातून एकदा. (२०१९ पर्यंत तर फोन फक्त नाताळ आणि मदर्स डेला असायचा. माझ्या आईने चर्चच्या दारात धरणं धरलं असतं.)

शनिवारी दोघांना जेवायला बोलावलंय. अहो घरी असतीलच, कारण बाई एकटी असेल तर ते आत येत नाहीत. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. मग आल्यागेल्याला द्यायचं तरी काय? गवती चहा-आल्याचा काढा, चहापत्तीशिवाय, चालेल का? की सरळ पियुष करू? मटण चालतं ना? तिखट कितपत ठेवू?

आणि धर्माचा विषय निघाला तर न दुखावता "नको" कसं म्हणायचं? युटाहमध्ये मॉर्मन पुष्कळ, तिकडच्या मंडळींना अनुभव असेलच. शुक्रवारपर्यंत सांगा, सामान आणायचंय.