जुन्या गेमिंग लॅपटॉपची किंमत कशी ठरवायची? (अनुभव धागा)

धागाकर्ता
जुना गेमिंग लॅपटॉप विकायला काढला की बहुतेक जण बिलावरच्या रकमेतून अंदाजाने काहीतरी वजा करून भाव सांगतात. तो भाव सहसा येत नाही. ज्यांनी असे लॅपटॉप विकलेत, घेतलेत किंवा उघडून दुरुस्त केलेत त्यांनी इथे आकड्यांसकट लिहावं.

रानवारा
बिल बाजूला ठेवा. तेवढाच वेग देणारा नवा लॅपटॉप आज कितीला मिळतो, तिथून सुरुवात करायची. २०२१ चा, आरटीएक्स ३०६० ही ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप असेल तर गिऱ्हाईक त्याची तुलना आरटीएक्स ४०५० वाल्या नव्या लॅपटॉपशी करणार. दोन्हींत व्हीरॅम (ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी) ६ जीबीच. समजा, बँकेची सवलत धरून नवा ७०,००० ला पडतो. वॉरंटी संपलेल्या पण धडधाकट लॅपटॉपला त्याच्या ५५ ते ६० टक्के धरावेत, म्हणजे ३८,५०० ते ४२,०००. वॉरंटीचं वर्षभर शिल्लक असेल तर ७० टक्क्यांपर्यंत मागायला हरकत नाही. मग दुरुस्तीचा खर्च त्यातून जसाच्या तसा वजा करा. तुम्ही तो १,१०,००० ला घेतला होता, याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं.

कोकणकडा
वरच्या हिशेबात एक भर. नुसतं '३०६०' लिहून भागत नाही. लॅपटॉपमधली ही चिप ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या वीजमर्यादेवर बसवलेली असते आणि पातळ मॉडेलमधली कमी वॅटची चिप खेळताना चांगलीच मागे पडते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम इन्फॉर्मेशन उघडलं की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' अशी ओळ दिसते. तिचा स्क्रीनशॉट जाहिरातीत टाका. वॅट जास्त असतील तर हाच आकडा तुमची बाजू मांडतो.

४ जीबीच्या ३०५० चा भाव लवकर उतरतो, कारण नव्या गेममध्ये टेक्स्चर (चित्रातल्या पृष्ठभागांचा बारकावा) मध्यमवर ठेवलं तरी व्हीरॅम भरतो.

सोल्डरगन
पैसे खरे कापले जातात ते बॅटरी, तापमान आणि हिंज (पडद्याची बिजागरी) या तीन जागी.

बॅटरी: कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', स्पेस, तिरकी रेघ (/) आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' पाहा. ५६,००० पैकी ३९,२०० उरली असेल तर बॅटरी ७० टक्क्यांवर आली. याच्या खाली असेल तर नव्या ओरिजिनल बॅटरीचे पैसे सरळ वजा करा. गेमिंग लॅपटॉप सतत चार्जरला आणि सतत गरम, म्हणून सेल लवकर फुगतात. टचपॅडचं क्लिक कडक झालं किंवा खालचं झाकण कडेने उचललं गेलं असेल तर बॅटरी फुगलीय. तसा लॅपटॉप विकूच नका, आधी ती बदला. तिथे आगीचा धोका असतो.

तापमान: चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर २० मिनिटं जड गेम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघा. ग्राफिक्स चिप ८७ अंशांच्या आसपास पोचून क्लॉक (चिपचा वेग) पाडत असेल, तर बहुधा पंख्यात धूळ अडकलीय किंवा चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळलीय. सफाई आणि नवी पेस्ट विकण्याआधीच करून घ्यावी. त्याला लागतात त्याहून जास्त पैसे गिऱ्हाईक घासाघीस करून कापतं. मात्र आसूस आरओजीच्या काही मॉडेलांत प्रोसेसरवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) असतं. ते बोर्डावर ओघळलं तर शॉर्ट होतो, म्हणून घरी उघडू नका.

हिंज: उघडताना कोपऱ्यात कट्ट आवाज आला की आतला स्क्रू धरणारा प्लास्टिकचा खुंट तुटलेला समजा. ग्लूने जोडून विकलं तर महिनाभरात परत सुटतं. बॉडीचं ते पॅनेल बदलायचा खर्च विचारून तेवढा वजा करा.

भीमथडी
रानवाऱ्याच्या ५५ टक्क्यांशी सहमत, पण ओरिजिनल चार्जर असेल तरच. २३० वॅटच्या जागी १२० वॅटचा लोकल चार्जर दिला तर लॅपटॉप चालू होतो, पण खेळताना वेग पाडतो आणि बॅटरीही खातो.

वाढवलेल्या रॅमचे पूर्वी निम्मेही मिळत नसत. २०२५ च्या अखेरीस रॅम महागल्यापासून हे गणित बदललंय, तेव्हा आजचा भाव बघून बोला. सोबत आलेलं ऑफिस तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेलं असतं, त्याचे पैसे मागू नका. इंटेलच्या सातव्या पिढीचा जीटीएक्स १०६० वाला लॅपटॉप असेल तर आणखी खाली या. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ऑनलाइन दुकानाचा एक्स्चेंज भाव फक्त तळ समजायला वापरा. ते ग्राफिक्स कार्डाचे वॅट विचारतही नाहीत.

पाऊलवाट
सौदा ठरल्यावरचं लिहितो. सिरीयल नंबर असलेलं बिल द्या, वॉरंटी त्याच नंबरवर असते. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या प्रणालीला) पासवर्ड असेल तर काढा. खात्यातून साइन आउट करून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लीन डेटा' निवडून रिसेट करा. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की जपून ठेवा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या एसएसडी (स्टोरेज ड्राइव्ह) हेल्थचा फोटो रिसेटच्या आधीच काढून ठेवा. पैसे यूपीआयने येणार असतील तर घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबा. आणि बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत चार्जरसुद्धा हातात देऊ नका.