मदत हवी आहे : गणित येतं, पण इंग्रजीतलं उदाहरण अडतं

नमस्कार. वडगाव शेरीतल्या एका ख्रिस्ती शाळेत शाळा सुटल्यावर मी पाचवीच्या मुलांचा अभ्यास घेते. माध्यम इंग्रजी, बोर्ड राज्याचं, घरी बहुतेकांच्या मराठीच. पाढे तोंडपाठ, भागाकार अचूक. पण इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल थांबते. तेच मराठीत सांगितलं की पटकन सुटतं! फार हुशार मुलं आहेत हो, केवळ वाचनापायी मागे पडायला नकोत.

बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं नेटवर मोफत मिळतात, ती शेजारी ठेवून शिकवावं म्हणते. असं कुणी केलंय का? मराठीचा आधार कधी काढून घ्यायचा? बायबलमधल्या गोष्टी मुलांना पाठच आहेत, त्याच सोप्या इंग्रजीत वाचायला दिल्या तर? कॅम्प-येरवड्याकडच्या शिक्षकांनी जरूर सांगा.