ऊसतोड कामगारांची मुले हंगामात नेमकी कोणत्या शाळेची असतात?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात राहतो आणि यंदा पालक या नात्याने गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आलो आहे. दिवाळीच्या आगेमागे आमच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, ओढ्याकडेच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ही माणसे येथेच असतात. त्यांच्याबरोबर आलेली शाळकरी वयाची मुले दिवसभर कोपीवर तान्ही भावंडे सांभाळताना किंवा फडात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करताना दिसतात. शाळा तेथून हाकेच्या अंतरावर असूनही त्यांतले एकही मूल वर्गात येत नाही.

मी मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा ‘ती मुले त्यांच्या गावाकडच्या शाळेच्या पटावर आहेत, त्यामुळे ती शाळाबाह्य नाहीत’ असे उत्तर मिळाले. टोळीतील पालकांना विचारले, तर त्यांनीही ‘नाव गावाकडं आहे’ एवढेच सांगितले. बीडकडे अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात असे वाचले होते. ती चालत असतील तर ही मुले इकडे का येतात? आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या पाच-सहा महिन्यांत त्यांची जबाबदारी कोणाची? समितीचा सदस्य म्हणून मला काही करता येण्यासारखे असल्यास तेही कृपया सांगावे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मूल कागदावर शाळेत असते, म्हणून ते शाळाबाह्य मुलांच्या यादीत येत नाही. आणि यादीत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणालाही काही करावे लागत नाही.

यामागे तारखांचा खेळ आहे. शाळेला किती शिक्षक मिळायचे हे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. आमच्याकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर हलू लागतात. म्हणजे मोजणीच्या दिवशी मूल आमच्या वर्गात असते, आणि पुढे ते सांगली-कोल्हापूरकडे गेले तरी तिकडच्या शाळेच्या मोजणीत ते कधीच येत नाही. आमच्या शाळेने त्याला दाखला देऊन पटावरून कमी केले, तर पुढच्या वर्षी शिक्षकाचे पद जाण्याची भीती. आपल्या शाळेने त्याला दाखल करून घेतले, तर वर्गात मुले वाढतात, पद मात्र वाढत नाही. वाडी-तांड्यावरच्या शाळेचा पट आधीच विशीच्या आसपास असतो. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले गेल्यापासून तर एकेक नाव जपले जाते. यात कोणा शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. नाव कमी केले तर शाळाच उठेल आणि हंगामाबाहेरचे सहा महिनेही मुलांच्या हातून जातील, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

यावर उपाय म्हणून शिक्षण हमी कार्ड आले. मूळ शाळेने स्थलांतर करणाऱ्या मुलाला कार्ड द्यायचे, जिथे टोळी जाईल तिथल्या शाळेने ते पाहून मुलाला वर्गात बसवायचे आणि परतताना उपस्थितीची नोंद करून द्यायची, अशी ही सोय आहे. कल्पना उत्तम आहे. पण टोळी कोणत्या गावी उतरणार हे जाणाऱ्या पालकालाच बहुधा माहीत नसते. ते टोळी जमवणारा मुकादम आणि कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. कार्डावर जाण्याचे ठिकाण म्हणून नुसते जिल्ह्याचे नाव पडते आणि ते कार्ड पेटीच्या तळाशी जाते.

हंगामी वसतिगृहाबद्दल. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलाने गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहायचे, दुपारचे जेवण शाळेच्या पोषण आहारातून आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण या योजनेतून शाळा व्यवस्थापन समितीने द्यायचे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. नाव वसतिगृहाचे असले तरी बहुतेक ठिकाणी ती जेवणाची सोय असते, निवासाची नव्हे. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे मुले थांबतात, हे मी स्वतः पाहतो. पण आधी सर्वेक्षण, मग याद्या, मग तालुक्यावरून जिल्ह्याला प्रस्ताव, मग मंजुरी, असा प्रवास करत ती पुष्कळदा टोळ्यांच्या गाड्या भरून गेल्यावर सुरू होते. तोपर्यंत मूल तुमच्या शिवारात पोहोचलेले असते.

सडेतोड

दोष नेहमी शासनाला देण्याची आपल्याला सवय लागली आहे. गणवेश, पुस्तके, जेवण सगळे मोफत असताना पालकांनाच मुलांना शिकवण्याची इच्छा नसेल, तर कोणती योजना पुरी पडणार? हाताशी आलेले पोर कामाला उपयोगी पडते, म्हणून ते बरोबर नेले जाते, इतके हे सरळ आहे.

फडातली लेक

सडेतोड यांना उत्तर देणे मला भाग आहे, कारण माझे आईवडील ऊसतोडीला जात होते आणि मी स्वतः हंगाम कोपीवर काढलेले आहेत.

मूल कामाला उपयोगी पडते हे खरे आहे, पण ते कोणत्या कामाला, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. ऊसतोडीत मजुराची गणती माणशी होत नाही, ‘कोयता’ म्हणून होते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती या जोडीला, हंगामाच्या आधी, आणि ती फिटेपर्यंत रोज टनावर तोड मोजली जाते. बाई एक दिवस फडात गेली नाही तर कोयता अर्धा होतो. मग तान्हे मूल कोणी पाहायचे, पाणी कोणी भरायचे, आई पहाटे चारला बाहेर पडल्यावर कोपीवर कोणी थांबायचे? हे काम घरातल्या थोरल्या मुलीकडे येते. तिला मजुरी नाही आणि मुकादमाच्या वहीत तिचे नावही नाही, पण तिच्यावाचून तिच्या आईचा कोयता पुरा होत नाही. तिला शाळेत पाठवायचे तर आधी तिच्या कडेवरच्या भावाची व्यवस्था करावी लागते. शाळा शेजारी असूनही ती का येत नाही, याचे निम्मे उत्तर पाळणाघर नसण्यात आहे.

मुली वयात आल्या की गोष्ट आणखी अवघड होते. म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावात सहा महिने ठेवायला आईचा जीव धजत नाही आणि कोपीला दार नसते, म्हणून तिकडे नेतानाही तिच्या पोटात गोळा येतो. संध्याकाळचे जेवण मिळाले तरी रात्रीचा प्रश्न सुटत नाही. दोन्हीकडून वाट बंद झाली की घरात तिच्या लग्नाचा विषय निघतो. लग्न झाले की सासरी नवा कोयता तयार होतो आणि त्यावर उचलही मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात ते चाळीस टक्क्यांच्या वर होते. सातवी-आठवीनंतर पटावरून नाहीशा होणाऱ्या मुली कुठे जातात, हे या आकड्यांवरून कळते.

इच्छा नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे, की माझ्या आईने मला मामाकडे ठेवण्यासाठी हंगामाआधीच्या उचलीतून मामाला धान्याचे पैसे दिले होते. ज्यांना असा मामा नव्हता त्या माझ्या मैत्रिणींच्या आयांची इच्छा माझ्या आईपेक्षा तिळभरही कमी नव्हती.

निवृत्त केंद्रप्रमुख

माझी सारी नोकरी कोल्हापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात झाली. मूळ प्रश्नाची कायदेशीर बाजू आणि ‘काय करता येईल’ हा भाग मी घेतो.

कायद्यात संदिग्धता जवळजवळ नाही. कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. मूल आज जिथे आहे तिथल्या प्राधिकरणाचे हे कर्तव्य आहे. त्याचे नाव दुसरीकडे कुठे आहे, याने ते संपत नाही. कलम ५ नुसार कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तरी मुलाला दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी, तर कलम १५ नुसार वर्ष सुरू होऊन मुदत उलटली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. आपल्या मुख्याध्यापकांनी दिलेले उत्तर विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या पोर्टलच्या दृष्टीने बरोबर असेल, कायद्याच्या दृष्टीने नाही.

येथे साखरशाळांची आठवण काढणे आवश्यक आहे. नव्वदच्या दशकात औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या परिसरात मुलांसाठी हंगामी शाळा सुरू केल्या आणि पुढे त्यांना साखरशाळा हे नाव रूढ झाले. २०१० पासून कायदा लागू झाल्यावर मान्यता आणि निकष यांत न बसणाऱ्या अशा शाळांना जागा उरली नाही, आणि मुलांना गावीच थांबवावे किंवा नियमित शाळेत घालावे, असे धोरण आले. तत्त्व म्हणून ते चूक नव्हते. तंबूतली शाळा ही गरिबाच्या मुलाची कायमची शाळा होऊ नये, हे मलाही पटते. पण साखरशाळा उठल्या त्या वेगाने पर्याय उभे राहिले नाहीत. शिवाय साखरशाळेलाही मर्यादा होतीच. बैलगाडीने किंवा टायरगाडीने ऊस वाहणारी कुटुंबे कारखान्याजवळच्या तळावर एकत्र राहतात, तिथे एक शाळा पुष्कळ मुलांना पुरते. डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र गावोगावच्या शिवारांत विखुरलेल्या असतात आणि फड संपला की पुढे सरकतात. आपण वर्णन केलेली टोळी या दुसऱ्या प्रकारची दिसते. तिच्यासाठी गावच्या शाळेशिवाय दुसरी शाळाच नाही. (कर्नाटकात गेलेल्या टोळ्यांची स्थिती याहून बिकट असते, कारण तिथे पोर्टल वेगळे आणि बहुतेक ठिकाणी शाळेची भाषाही वेगळी.)

आता करण्यासारखे काय ते. टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाला भेटून वयानुसार मुलांची यादी करावी; मुकादमाला विश्वासात न घेता केलेली यादी नेहमी अपुरी राहते. व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा ‘दाखल्याची वाट न पाहता ही मुले वर्गात बसवावीत आणि त्यांना पोषण आहार द्यावा’ असा ठराव बहुमताने होऊ शकतो. त्याची प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना द्यावी. ठराव हातात असला की मुख्याध्यापकांनाही आधार मिळतो. पुष्कळदा त्यांना मुलांची अडचण नसते, लेखापरीक्षणाची भीती असते. फडातली लेक यांनी धाकट्या भावंडांचा जो मुद्दा मांडला आहे, तो मात्र ठरावाने सुटणार नाही. त्यासाठी गावातल्या अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसवता येतात का, ते सेविकाताईंशी बोलून पाहावे. तीन वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न उरतो आणि तो कारखान्याने पाळणाघर चालवल्याशिवाय सुटेल असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ठरावाचा मसुदा मी पुढच्या बैठकीत ठेवतो. एक शंका उरते. मुले आमच्या शाळेत चार-पाच महिने शिकली, पण त्यांचे नाव गावच्याच पटावर राहिले, तर त्या अभ्यासाला किंमत काय? बालाघाट सर, परत गेल्यावर आपल्याकडे त्याची नोंद होते का? आणि मोठ्या मुलींसाठी शासनाची खरी निवासी वसतिगृहे होणार होती, त्यांचे पुढे काय झाले?

बालाघाट

वसतिगृहांविषयी आधी. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. त्यात ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी एकूण ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जागांची, अशी आखणी आहे. ही टप्प्याटप्प्याने, सुरुवातीला बहुधा भाड्याच्या इमारतींत, सुरू होत गेली. ज्या मुलीला तिथे जागा मिळते तिच्या आईचा रात्रीचा घोर मिटतो, म्हणून माझ्या मते हंगामी जेवणाच्या योजनेपेक्षा ही योजना अधिक मोलाची आहे. पण सगळ्या जागा भरल्या तरी त्या ८,२०० होतात आणि हंगामाला बाहेर पडणाऱ्या मजुरांची संख्या काही लाखांत आहे.

नोंदीबद्दल. आपल्या शाळेने उपस्थितीचे दिवस, शिकवलेले घटक आणि चाचणी घेतली असल्यास गुण, असे मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे साधे पत्र मुलाबरोबर दिले, तर आम्हाला ते ग्राह्य धरता येते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे आणि ती एप्रिलच्या सुमारास होते, त्यामुळे या दोन वर्गांतल्या मुलांचे पत्र फार महत्त्वाचे आहे. पट्टा पडला की टोळी रातोरात गाडी भरते, म्हणून पत्र शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. फेब्रुवारीअखेर एक पत्र पालकाच्या हातात द्या आणि त्याची एक प्रत मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना भ्रमणध्वनीवरून पाठवा. त्यांचा क्रमांक पालकांकडे बहुधा असतो. नसला तर कार्डावरच्या शाळेच्या नावावरून तो गटशिक्षण कार्यालयात मिळेल.