मदत हवी आहे: मणक्याच्या फ्युजननंतर गडाचा उतार कसा उतरायचा?

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते आहे. अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला द्यायला लावणं बरं नाही.

वय ५१, राहायला ठाण्यात वसंत विहारला. अकरा महिन्यांपूर्वी कमरेच्या मणक्याचं फ्युजन, म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन झालं. चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. डाव्या पायात कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ यायची. ती मी दोन वर्षं ढकलत नेली. पण शेवटी शेवटी पंजाच उचलेना, घरात चालताना चपलेचं टोक फरशीला अडायला लागलं, तेव्हा मात्र थांबले नाही. मधली चकती काढून तिथे केज (पिंजऱ्यासारखा छोटा आधार) आणि हाडाचा चुरा भरला, आणि दोन्ही मणके चार स्क्रू, दोन सळयांनी जोडले. स्क्रू नुसते धरून ठेवतात, खरं काम हाड भरून येण्याचं, आणि त्याला सहा महिने ते वर्षभर लागतं, हे डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून समजावलं होतं. पहिले तीन महिने वाकायचं नाही, कमरेत पिळायचं नाही, उचलायचं नाही. भरलेली बादली सरकवायला मुलाला हाक मारावी लागायची.

त्याआधी २२ वर्षं मी डोंगरात जाते आहे. पहिला गड माहुली, पहाटेची लोकल धरून आसनगावला उतरून. त्यानंतर पावसाळा असो की थंडी, महिन्यातला एक रविवार ठरलेलाच. ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढेपर्यंत मी राजमाचीची वाट मनात चालत होते, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता कुठवर आले आहे ते सांगते. तलावपाळीला एक फेरी, मग दोन, मग उपवन, आणि गेले दोन महिने उपवनकडून येऊरचा डांबरी चढ. चढाचा काहीच त्रास नाही. दम लागतो, तो लागणारच. मध्ये ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघायलाही गेले. तिथे एक गोष्ट कळली, ती सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल: चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं जास्त जड जातं. दुर्बीण डोळ्याला लावून दहा मिनिटं झाली की कंबर धरायची. मग एक पाय आळीपाळीने छोट्या दगडावर ठेवून उभी राहिले, तेव्हा पक्षी नीट बघता आले. हजारो पक्षी चिखलात माना खाली घालून चरत होते. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मोकळं वाटलं.

खरी अडचण उताराची आहे. पंधरा दिवसांपूर्वी येऊरला डांबरी सोडून एका पायवाटेने वर गेले. जेमतेम दोन मजले उंचीची टेकाडी. येताना घसारा लागला, बारीक मुरूम आणि वर सुकलेला पाला. पाऊल टाकेचना. दुखत नव्हतं काहीच, पण डावा पाय खाली ठेवला की तो माझ्या हातात नाही असं वाटायचं. तशीच उभी राहिले. मागून पाड्यावरच्या एक मावशी आल्या, डोक्यावर मोळी. एका हाताने मोळी सांभाळून त्यांनी दुसरा हात मला दिला आणि खालपर्यंत आणून सोडलं. मी त्यांचं नावही विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागून आहे.

आमच्या ग्रुपने डिसेंबरात लोहगड ठरवला आहे. पायऱ्यांची वाट म्हणून, माझ्यासाठीच. डॉक्टर म्हणतात, ‘चाला भरपूर, गडबिड वर्ष झाल्यावर बघू.’ फिजिओ म्हणतात हळूहळू सुरू करा. हे म्हणतात कशाला विषाची परीक्षा. मला ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं उत्तर नको आहे. ज्यांचं फ्युजन झालं आणि जे पुन्हा डोंगरात गेले, त्यांनी उतार कसा परत मिळवला? आपला पाय आता भरवशाचा आहे हे कशावरून ओळखलं? आणि सॅक कधी पाठीवर घेतली?

प्रतिसाद (नेरूळहून)

ताई, माझं चार वर्षांपूर्वी शेवटच्या मणक्याचं फ्युजन झालं, वय ५८. मीही चढून जायचो आणि उतरताना रडकुंडीला यायचो. चढताना मांडी ढकलते, उतरताना तीच मांडी ताणत ताणत वजन धरते. हे वेगळं काम आहे, आणि सपाटीवर कितीही चाललात तरी त्याची सवय होत नाही. मी पामबीचला रोज पाच किलोमीटर चालत होतो, तरी काही उपयोग झाला नाही.

शेवटी बिल्डिंगचा जिना धरला. लिफ्टने वर, जिन्याने खाली. आधी दोन मजले, कठड्याला हात लावून. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर सुट्टी. तीन महिन्यांनी चौदा मजले, हात न लावता. मग पारसिकच्या टेकडीचा उतार. दोन काठ्या घ्याच, आणि उतरताना त्या चढणीपेक्षा थोड्या लांब करा, नाहीतर कंबर पुढे वाकते. पावलं छोटी, उतार नागमोडी कापायचा, आणि टाच आपटायची नाही. वळायचं असेल तेव्हा पाय उचलून आख्खं अंग वळवा, पाय रोवून कंबर पिळू नका. जोडलेला सांधा हलत नाही, म्हणून तो पीळ वरच्या सांध्यावर जातो.

सॅक मी वर्षभर घेतली नाही. मित्रांनी माझं पाणी वाहिलं. सुरुवातीला लाज वाटायची, पण मित्रांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, कळवा)

ताई, तुम्ही ‘दुखत नाही, पण पाय हातात नाही’ असं लिहिलं आहे. ते वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. घरात भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभं करून, टाचांवर चालून बघा. दोन्ही पंजे शेवटपर्यंत सारखे वर राहतात का? उतारावर टाच टेकल्यावर पंजा हळू खाली आणणारा स्नायू तोच, जो ऑपरेशनआधी तुमचा गेला होता. तो अर्धाच परत आला असेल तर सपाटीवर कळतही नाही.

शिवाय हाड जुळलंय का, हे एक्स-रेवर डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. आणि जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर इथे विचारत बसू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री टाचांवर चालून बघितलं, मुलगा शेजारी होता. उजवा पंजा ठीक. डावा बारा-तेरा पावलांनंतर खाली यायला लागला, विसाव्याला टेकलाच. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

खोटं कशाला बोलू, आधी रडू आलं. पण नंतर बरंही वाटलं. पंधरा दिवस मी स्वतःला भित्री समजत होते, घरातलेही ‘मनातली भीती काढ’ म्हणत होते. पाय खरंच कमी पडत होता. स्नायूला व्यायाम देता येतो.

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एक्स-रे आणि पंजाची ताकद, दोन्ही विचारणार आहे. आजपासून जिना सुरू केला, तिसऱ्या मजल्यावरून खाली, कठड्याला हात धरून. ग्रुपला कळवलं की डॉक्टर हो म्हणाले तर लोहगडवाडीपर्यंत येईन, पायऱ्या गणेश दरवाजापर्यंतच, आणि पाय थकायच्या आत मागे फिरेन. माझं पाणी कोण उचलणार यावरून तिघांत भांडण लागलं आहे.

नेरूळचे दादा, एक राहिलं. पायऱ्यांच्या दगडावर काठीचं लोखंडी टोक सरकतं, तर तुम्ही रबरी बूच लावता का? आणि पंजा वर धरून ठेवणारा पट्टा मिळतो म्हणतात, तो ट्रेकिंगच्या बुटात बसतो का? कुणी वापरला असेल तर कृपया लिहा.