मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला आलेली सूज: ‘चार महिन्यांतून एकदा’ घ्यायचे नवे इंजेक्शन दूरच्या रुग्णास सोयीचे आहे का?

वाडीतला (देवगड / डोंबिवली)

सर्वांस नमस्कार. माझी आई 67 वर्षांची असून देवगड तालुक्यातील आमच्या वाडीत राहते. मी नोकरीनिमित्त डोंबिवलीस असतो. आईला 19 वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झालेली आहे. गेल्या गणपतीत मोदक वळताना तिच्या हातून पाऱ्या एकमेकींवर चढू लागल्या, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला असेल असे आम्हां सर्वांना वाटले. ती मात्र म्हणत होती, “समोरच्या माणसाचा तोंड दिसना नाय, कडेचा सगळा दिसता.” हे वाक्य आम्ही दिवाळीपर्यंत हसण्यावारी नेले, याची खंत आहे.

कोल्हापूरच्या नेत्रपटलतज्ज्ञांनी तपासणी करून असे सांगितले की, उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलावर, सूज आहे, तर डाव्या डोळ्यात सूज नसली तरी नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवू लागल्या आहेत. उजव्या डोळ्याची दृष्टी 6/24 (निरोगी डोळ्याला 24 मीटरवरून दिसते ते 6 मीटरवरून दिसणे) होती आणि ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, मध्यभागाची जाडी 478 मायक्रॉन आली होती. महिन्याला एक याप्रमाणे बेव्हासिझुमॅब या औषधाची तीन इंजेक्शने डोळ्यात दिल्यावर ही जाडी 391 वर आली आहे. डाव्या डोळ्यासाठी लेझर किंवा इंजेक्शने असे दोन्ही पर्याय डॉक्टरांनी पुढे ठेवले आहेत.

त्या दवाखान्याकडून दर महिन्याला व्हॉट्सॲपवर उपचारांविषयीची माहिती येते. या वेळच्या संदेशात फॅरिसिमॅब या नव्या इंजेक्शनाविषयी लिहिले असून ते काही रुग्णांना चार महिन्यांतून एकदा पुरते, असे म्हटले आहे. आमच्या दृष्टीने हा मजकूर फार मोलाचा आहे, कारण आईला फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठायचे म्हणजे पहाटे निघून रात्री परत येणे आले, सोबतीला कोणीतरी रजा काढावी लागते, आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसतो. नवे इंजेक्शन अर्थातच पुष्कळ महाग आहे. तेव्हा मधले महिने वाचणार असतील तर तो खर्च करावा का, आणि डाव्या डोळ्याचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खाडीकाठ (मालवण)

आपल्या आईचे ते वाक्य वाचून थबकलो, कारण माझे वडील अगदी हेच म्हणत असत.

त्यांना दोन्ही डोळ्यांत आपल्या आईच्या डाव्या डोळ्यासारख्या नव्या रक्तवाहिन्या होत्या. आम्ही लेझर नाकारून इंजेक्शने निवडली. लेझरने डोळा ‘जळतो’ असे कोणी सांगितले आणि आम्ही ते खरे मानले. पहिली चार इंजेक्शने वेळेवर झाली आणि दृष्टी सुधारली. सुधारली म्हणूनच घात झाला. जूनमध्ये पेरणी, जुलैत वडिलांना ताप, ऑगस्टमध्ये चतुर्थी, असे करत सात महिने निघून गेले. नोव्हेंबरात एका सकाळी त्यांना उजव्या डोळ्यापुढे काजळाचे ओघळ उतरल्यासारखे दिसू लागले आणि संध्याकाळपर्यंत त्या डोळ्याने उजेडापलीकडे काही दिसेना. आत रक्तस्राव झाला होता आणि मागोमाग पडदा ओढला जाऊन सुटला होता. शस्त्रक्रिया करूनही तो डोळा हाती लागला नाही. डॉक्टरांनी दोनदा फोन केला होता, तो आम्हीच पुढे ढकलला, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणास देत नाही. दुसऱ्या डोळ्याला मग लेझर केले, आणि त्या डोळ्याने ते आजही वर्तमानपत्राचे मथळे वाचतात.

कातळ (रत्नागिरी)

मी नेत्रवैद्य म्हणून 30 वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. रुग्णाला न तपासता उपचार सांगणे योग्य नव्हे, तथापि डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल असे थोडे लिहितो.

फॅरिसिमॅबला अमेरिकेत जानेवारी 2022 मध्ये मान्यता मिळाली. जुनी इंजेक्शने व्हीईजीएफ या, नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या आणि त्या झिरपू देणाऱ्या, एका घटकाला अडवतात, तर हे त्याच्या जोडीला अँजिओपोइटिन-2 या दुसऱ्या घटकालाही अडवते. मधुमेही सुजेवरील त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत, ज्या रुग्णांना डोळा पाहून अंतर ठरवून दिले होते, त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण वर्षाअखेरीस चार महिन्यांच्या अंतरापर्यंत पोहोचले होते. म्हणजे संदेशातील मजकूर खोटा नाही. परंतु त्या चाचण्यांतील रुग्ण चार-चार महिने घरी बसलेले नव्हते. आधी दर महिन्याला निदान चार इंजेक्शने झाली, आणि पुढे अंतर वाढल्यावरही ते दर चार आठवड्यांनी तपासणीला येत राहिले. सूज परत दिसली की अंतर कमी केले जाई. चार महिन्यांचे हे अंतर तपासण्यांच्या आधाराने मिळालेले आहे, ही गोष्ट व्हॉट्सॲपच्या चार ओळींत मावत नाही. पहिल्या वर्षात आपल्या घाटाच्या फेऱ्या फारशा वाचतील, असे मला वाटत नाही. दुसऱ्या वर्षी कदाचित वाचतील.

बेव्हासिझुमॅबने सुरुवात केली म्हणजे आईवर अन्याय झाला, असेही मनात आणू नये. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या तीन इंजेक्शनांच्या 2015 च्या एका तुलनात्मक अभ्यासात, दृष्टी 6/15 किंवा त्याहून कमी असलेल्या डोळ्यांत पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले, आणि सूज असूनही दृष्टी बरी असलेल्या डोळ्यांत तिन्ही औषधे सारखी निघाली. आपल्या आईची दृष्टी 6/24, म्हणजे त्या पहिल्या गटातली. यावरून अफ्लिबरसेप्टनेच सुरुवात करायला हवी होती असे कोणी म्हणेल. पण 2022 च्या अभ्यासात स्वस्त बेव्हासिझुमॅबने आरंभ करून, 12 आठवड्यांनंतर पुरेसा गुण न आल्यास अफ्लिबरसेप्टकडे वळायचे, अशा गटातील डोळ्यांची दोन वर्षांनंतरची दृष्टी ही सुरुवातीपासून अफ्लिबरसेप्ट घेतलेल्या डोळ्यांइतकीच भरली. मात्र त्या गटातल्या 70 टक्के डोळ्यांना पुढे औषध बदलावे लागले. आपण नेमके त्या 12 आठवड्यांच्या वळणावर आहात. 478 वरून 391 ही घट आहे, पण मध्यभाग अजून कोरडा झालेला नाही, तेव्हा “आता बदलावे का?” हा प्रश्न विचारण्याची वेळ बरोबर आहे.

उजव्या डोळ्याच्या सुजेसाठी आणखी एक पर्याय विचारून पाहावा. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची शेवयाच्या तुकड्याएवढी कांडी डोळ्यात सोडतात. ती आपोआप विरघळते आणि तिचा परिणाम साधारण तीन ते चार महिने राहतो. स्टिरॉइडमुळे मोतीबिंदू वाढतो, ही तिची मोठी अडचण. आपल्या आईची ती शस्त्रक्रिया झालेलीच असल्याने ती अडचण उरत नाही. डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून काचबिंदू असल्यास ती टाळतात आणि नसल्यासही दीड-दोन महिन्यांनी दाब मोजावा लागतो. पण दाब मोजण्यासाठी कोल्हापूर गाठण्याची गरज नाही, ते काम कणकवलीत होऊ शकते.

डाव्या डोळ्याबाबत श्री. खाडीकाठ यांनी जे सोसून लिहिले आहे, त्याला शास्त्राचाही आधार आहे. नव्या रक्तवाहिन्यांवर इंजेक्शने लेझरइतकीच चालतात, हे 2015 मध्ये दिसून आले. परंतु 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांहून अधिक काळ तपासणी चुकलेल्या रुग्णांमध्ये, केवळ इंजेक्शने घेतलेल्या डोळ्यांची अवस्था लेझर झालेल्या डोळ्यांपेक्षा बरीच वाईट आढळली. औषध काही आठवड्यांत उतरते, लेझरचा परिणाम टिकून राहतो. लेझरने बाजूची आणि रात्रीची दृष्टी थोडी कमी होते आणि कधी मध्यभागाची सूज वाढते, म्हणून ते दोन-तीन बैठकांत विभागून करतात. ज्याला दर महिन्याला येणे जमेल त्याच्याशी मी दोन्ही पर्यायांवर बोलत असे. ज्याला घाट ओलांडावा लागतो, त्याला मी लेझरच सुचवीत असे.

सुरंगी (कणकवली)

मी मधुमेही रुग्णांच्या समुपदेशनाचे काम करते. कातळकाकांच्या लिहिण्यात माझी थोडी भर आहे, आणि एके ठिकाणी किंचित मतभेदही.

भर अशी की, आईंचे एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) किती आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. मूत्रपिंड नीट काम करत नसेल किंवा रक्तदाब चढा असेल, तर डोळ्यातील सूज कधी कधी औषधाला नीट दाद देत नाही, आणि दोष उगाच इंजेक्शनाच्या माथी जातो. गेल्या काही महिन्यांत पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल, तर तेही इंजेक्शनापूर्वी सांगितलेच पाहिजे. साखर फार वाढलेली असल्यास ती एकदम खाली आणण्याची घाईही नको, कारण झपाट्याने उतरलेल्या साखरेमुळे पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. ती कशी उतरवायची, हे फिजिशियन आणि नेत्रतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे.

मतभेद लेझरविषयी नाही, कांडीविषयी आहे. दाब तपासायला कणकवलीत येणे कागदावर सोपे आहे. पण डोळ्यात दुखत नाही आणि दिसतेही बरे, म्हटल्यावर आमच्याकडचे रुग्ण केवळ दाब मोजायला येत नाहीत. ज्या घरात तारीख लक्षात ठेवणारे माणूस आहे, तिथेच ती कांडी द्यावी, असे माझे मत झाले आहे.

घरात आणखी कोणाला मधुमेह आहे का? विचारण्याचे कारण असे की, 2024 मध्ये स्कॉटलंडमधील एका चाचणीत, पडद्याचा विकार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांमध्ये फेनोफायब्रेट या जुन्या, स्वस्त गोळीने तो बळावण्याचे किंवा त्यावर उपचार करावे लागण्याचे प्रमाण 27 टक्क्यांनी घटलेले दिसले. आईंच्या अवस्थेला ही चाचणी लागू पडत नाही आणि मूत्रपिंड पाहिल्याशिवाय ती गोळी कोणीही सुरू करू नये. धाकट्या पिढीने मात्र आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारावे.

वाडीतला (देवगड / डोंबिवली)

सर्वांचे मनापासून आभार. काल कोल्हापूरला जाऊन आलो, म्हणून उत्तरास उशीर झाला.

सुरंगीताईंनी विचारलेले आकडे मलाच ठाऊक नव्हते. एचबीए1सी 9.4 आणि हिमोग्लोबिन 8.9 निघाले. क्रिएटिनिन ठीक आहे. डॉक्टरांनी कागद पाहून, आधी रक्तक्षयावर उपचार घ्या, असे सांगून गावच्या फिजिशियनांच्या नावे पत्र दिले. मधुमेह म्हणाल तर माझ्या धाकट्या भावालाही आहे आणि त्याने आजवर डोळे एकदाही तपासलेले नाहीत. त्याला पुढच्या खेपेस सोबत नेणार आहे.

डाव्या डोळ्याला लेझरची पहिली बैठक झाली. आई म्हणाली की, हिरव्या विजा चमकल्यासारखे वाटले आणि शेवटी शेवटी खुपले, पण चूल फुंकताना डोळ्यांना होतो त्याहून जास्त त्रास नव्हता. उरलेल्या दोन बैठका मिरगाच्या आत उरकायच्या ठरल्या आहेत. उजव्या डोळ्यासाठी फॅरिसिमॅबचा विषय मी काढलाच. डॉक्टरांनी कातळकाकांसारखेच उत्तर दिले आणि अफ्लिबरसेप्टकडे वळण्याचे सुचवले, ते आम्ही मान्य केले. कांडीचा पर्याय पावसाळ्यासाठी राखून ठेवला आहे. त्याआधी दाबाची तारीख लक्षात ठेवणारे माणूस आम्हाला वाडीत शोधायचे आहे. शेजारच्या काकूंना विचारले आहे. त्या स्वतःच्या रक्तदाबासाठी महिन्यातून एकदा कणकवलीला जातातच.

डॉक्टरांनी चौकटींचा एक कागद दिला आहे. एकेक डोळा झाकून त्यावरच्या रेघा वाकड्या दिसतात का, हे रोज पाहायचे. आईने तो पडवीत कालनिर्णयाशेजारी लावला आहे. आज सकाळी फोनवर म्हणाली की, उजव्या डोळ्याने मधल्या चार चौकटी अजून वितळल्यासारख्या दिसतात, काल पाच होत्या. हे मोजणे कितपत विश्वासार्ह मानावे, एवढे कातळकाकांनी सवडीने सांगावे.

कातळ (रत्नागिरी)

एका चौकटीच्या फरकावर आनंद किंवा चिंता करू नये, कारण उजेड आणि अंतर बदलले की तेवढा फरक पडतोच. कागद रोज त्याच जागी, त्याच उजेडात आणि वाचण्याचा चष्मा लावून पाहावा. मात्र चौकटी एकाएकी वाढल्या, मध्ये काळा डाग आला, किंवा इंजेक्शनानंतरच्या आठवड्याभरात डोळा दुखून लाल होऊ लागला व दिसणे कमी झाले (हा जंतुसंसर्ग असू शकतो), तर थांबू नये. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी घाट चढावा, रात्र झाली असली तरी.